पत्रातली मंडळी

उल्हासनगरच्या पत्त्यांमध्ये अजूनही बरॅकचा नंबर लिहितात. मी राहतो मांजर्लीत, बदलापूर पश्चिमेला. इथून कल्याणच्या बाजूला निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कल्याण कॅम्प होता. बोटीनं मुंबईला उतरलेल्या फौजा काही दिवस तिथे ठेवायच्या आणि मग पुढे धाडायच्या, अशी व्यवस्था होती. फाळणीनंतर त्याच रिकाम्या बरॅकींमध्ये सिंधमधून आलेली सुमारे ९४ हजार माणसं राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. सैनिक गेले, पत्ता राहिला.

त्या काळातल्या ब्रिटिश सैनिकांच्या आठवणींमध्ये कल्याणचं नाव वारंवार येतं. त्यांनी बायकांना लिहिलेली पत्रं तिकडच्या घरांमध्ये आणि संग्रहालयांमध्ये जपलेली आहेत. त्याच वर्षांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून हजारो तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती होऊन एरिट्रिया, लिबिया, इटली इथे लढत होते. त्यांनी घरी काय लिहिलं? आणि घरून त्यांना काय आलं? एवढ्या साध्या प्रश्नाच्या मागे मी गेलं वर्षभर, ऑफिसचं काम सांभाळून, जमेल तसं वाचत होतो. त्यातून एक गोष्ट कळली. हिंदी सैनिकांची जी पत्रं कुणीतरी मधल्यामध्ये उघडून वाचली, बहुतांशी तीच वाचली. बाकीची गेली. आणि बायकांची तर जवळजवळ सगळीच गेली.

सरकारी डोळ्याखालचं टपाल

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौजा फ्रान्समध्ये उतरल्या. त्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल या गावाच्या लढाईत सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीची भयंकर हानी झाली. हाती फावडं धरणारे हे लोक त्या दिवशी बंदुका घेऊन पायदळासारखे पुढे गेले होते.

याच सुमाराला इंग्रज सरकारला वेगळीच काळजी लागली होती. गदर पक्षाची पत्रकं टपालातून सैनिकांपर्यंत पोचत असतील तर? त्यासाठी हिंदी टपालावर सेन्सॉर बसवला गेला. त्याचा प्रमुख होता एव्हलिन बर्कली हॉवेल. १९१५ च्या मार्चच्या आसपास फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. एवढी सगळी वाचणं अशक्यच. कार्यालय त्यातली काही निवडायचं, त्यांतल्या उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर करायचं आणि टंकलिखित अहवाल लंडनला पाठवायचं. मूळ पत्र सहसा पुन्हा चिकटवून पुढे गावी रवाना व्हायचं.

हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानं त्यातली निवडक पत्रं १९९९ मध्ये पुस्तकरूपात आणली, तेव्हापासून पहिल्या महायुद्धातला हिंदी सैनिक म्हटलं की अभ्यासक तिकडेच वळतात. पण हा संग्रह वाचताना दोन गोष्टी विसरून चालत नाही. एक, शब्द भाषांतरकाराचे आहेत. शिपायाची भाषा त्यात विरघळून गेली आहे. दोन, निवड सेन्सॉरची आहे. त्याला बंडखोरीची, कंटाळ्याची, अफवेची चाहूल हवी होती. "म्हैस व्याली का?" असं विचारणारं पत्र त्याच्या दृष्टीनं निरुपयोगी होतं.

मराठी वाचकासाठी तिसरीही अडचण आहे. हॉवेलचं कार्यालय मुख्यतः फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या टपालासाठी होतं. मराठा पलटणींचा मोठा भाग मात्र तुर्कांशी लढायला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला. त्यामुळे या अहवालांत पंजाबी, पठाण, गढवाली, राजपूत यांचा आवाज मोठा आहे आणि मराठी आवाज फार क्षीण. ज्याची पत्रं फोडली गेली त्याला इतिहासात जागा मिळाली. ज्याची फोडली गेली नाहीत, किंवा फोडूनही नोंदली गेली नाहीत, त्याची मिळाली नाही.

एका पत्रात किती माणसं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले संदेश पाठवणारा, घेणारा आणि मधली वाट अशी आकृती काढतो. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या शिपायानं बायकोला पाठवलेल्या पत्राची आकृती काढायला बसलो तर कागद पुरेना.

१९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात दर हजार पुरुषांमागे सुमारे १०६ साक्षर होते आणि दर हजार स्त्रियांमागे सुमारे १०. म्हणजे शिपायाला बहुधा लिहिता येत नव्हतं आणि त्याच्या बायकोला तर जवळपास नक्कीच वाचता येत नव्हतं. शिपाई पलटणीतल्या लिहित्या माणसाला मजकूर सांगणार. तो आपल्या वळणानं लिहिणार. मग पलटणीतला अधिकारी बघणार, पुढे सेन्सॉर. बोट, रेल्वे, तालुक्याचं पोस्ट, टपालवाला. गावात पत्र पोचलं की मास्तर, तलाठी किंवा शाळेत जाणारा एखादा पोरगा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार. ऐकायला सासू, सासरे, दीर, जावा आणि शेजार. ज्या बाईसाठी पत्र आलं ती दाराआड उभी.

आता एवढ्या लोकांसमोर नवरा बायकोला काय सांगणार? मुळात पत्र तिच्या नावानं येतच नसे. ते येई वडिलांच्या नावानं: तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. बायकोचा उल्लेख यायचाच तर 'घरची मंडळी' म्हणून. आपल्या भाषेत एका बाईला 'मंडळी' म्हणण्याची सोय आहे. तीत तिचं नावही येत नाही आणि ती एकटी आहे असंही दिसत नाही. तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यानं तिचं लिहायचं नाही. हॉवेलच्या अहवालांतही थेट बायकोला लिहिलेली पत्रं कमी आणि बाप, भाऊ, मित्र यांना लिहिलेली जास्त, यात म्हणूनच नवल नाही.

या पत्रांत प्रेम नव्हतं असं म्हणणं मात्र घाईचं होईल. ते जिथे सहज ओळखू येणार नाही तिथे होतं. थोरल्याला शाळेत घातलं का, विहिरीला पाणी आहे का, मंडळींची प्रकृती कशी आहे, माहेरी धाडलं का. एवढ्या प्रश्नांत जे बसेल ते बसवायचं. ऐकणारीला ते कळत असणार. दाराआड उभ्या राहणाऱ्या बाईला शब्दांमधली फट ऐकायची सवय असतेच.

आडून बोलण्याची ही कला सेन्सॉरलाही चकवत होती. फ्रान्समधून गेलेल्या काही पत्रांत काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून पुष्कळ आहे, अशा अर्थाचा मजकूर असे. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. हे लोक न बोलता सांगण्यात इतके तरबेज आहेत की त्यांच्या पत्रांवर कडक सेन्सॉर बसवणं व्यवहारात जमणारं नाही, अशा निष्कर्षाला हॉवेल आला होता. मराठी माणसाला यात नवीन काही वाटू नये. पानिपतची बातमी दक्षिणेत पोचली ती मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची गणतीच नाही अशा सावकारी भाषेत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या पराभवाचा लोकांच्या तोंडी राहिलेला हिशेब तर 'लाख बांगडी फुटली' असाच आहे. मेलेल्या पुरुषांची मोजदाद बायकांच्या मनगटांवरून.

कूत: पत्र येत नाही तेव्हा

पत्र येणं म्हणजे काय, हे ते थांबतं तेव्हा कळतं. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादवर चाल करून गेलेलं सहावं पुणे डिव्हिजन टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटलं आणि डिसेंबरात टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात अडकलं. या डिव्हिजनमध्ये १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. पूर, थंडी आणि उपासमार. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातून पायी वाटचाल, आजार, बगदाद रेल्वेच्या कामावरची सक्तमजुरी. कित्येक परत आले नाहीत.

हे सगळं लष्करी इतिहासात सापडतं. सापडत नाही ती गावाकडची बाजू. पलटण कैद झाली एवढी बातमी पोचली, पण आपला माणूस त्यात जिवंत आहे की वेढ्यातच गेला, हे कळायला मार्ग नाही. कैद्यांची नावं आणि पत्रं रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंट अशा संस्थांमार्फत, मजल दरमजल करत यायची. कुणाच्या घरी महिन्यांनी, कुणाच्या घरी कधीच नाही.

'बेपत्ता' हा शब्द लष्कराच्या तक्त्यातला एक रकाना आहे. घरात तो रोज सकाळी कुंकवाच्या करंड्याशी येऊन उभा राहतो. लावायचं की नाही? पानिपतनंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती गेले हे अखेरपर्यंत मानलं नाही, आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा अवघ्या पुण्यात खळबळ उडाली. त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या म्हणून त्यांचं थांबणं इतिहासात आलं. कूतनंतर कोकणात आणि देशावर किती पार्वतीबाई थांबल्या असतील, त्यांची नोंद करणारा कुणी बखरकार नव्हता.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. गावात त्यांचं स्मारक आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. दगडावर मेलेल्यांचा आकडा राहतो. मागे राहिलेल्यांचा कुठल्याच दगडावर नसतो.

आणि धोका एकतर्फी नव्हता. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून आत शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या दुसऱ्या लाटेनं मुंबई इलाख्यात लाखो बळी घेतले. जो शिपाई चार वर्षं तोफांखाली जगला त्याला घरी आल्यावर समजलं असेल की पत्र ऐकणारं माणूसच राहिलं नाही. 'इकडील सर्व क्षेम' या ठरीव वाक्यावर दोन्ही टोकांना किती भार होता, ते अशा वेळी जाणवतं.

तिच्या हातचं पत्र

फ्रान्समध्ये राहिलेल्या हिंदी सैनिकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा घरी कळवली: इथल्या बायका शिकलेल्या आहेत, शेत सांभाळतात, हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र वाचतात. तेव्हा आपल्या मुलींना शिकवा. काहींनी बायकोला शिकवण्याचंही लिहिलं. यात सुधारकी विचार होताच, पण मला त्यात एक साधी निकडही दिसते. ज्याला आपलं म्हणणं दहा जणांच्या तोंडून बायकोपर्यंत पोचवावं लागतं, त्याला ती वाचू लागली तर काय बदलेल हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

मराठी मुलखात हा धागा आधीपासून होता. इंग्रजांच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं आणि त्यामुळे अस्पृश्य समाजातल्या लष्करी घरांत अक्षरओळख आली, हे डॉ. आंबेडकरांनी आवर्जून लिहून ठेवलं आहे. ते स्वतः अशाच घरातले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपल्यावर मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. फौजेची दारं उघडली की घरात पगार येतो, पाटी येते, पत्र येतं. बंद झाली की तिन्ही जातात.

लिहिती बायको नवऱ्याला काय लिहू शकते, याचा नमुना आपल्याकडे आहे, पण तो युद्धातला नाही. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यांत भावाशी झालेला वाद आहे, गाव जिवावर उठलेलं असताना एका प्रेमी जोडप्याला वाचवल्याची हकीकत आहे, दुष्काळातली माणसांची दैना आणि सावकारांची वागणूक आहे. नवऱ्याला बातमी देणारी, मत मांडणारी, त्याला धीर देणारी बाई त्यांत स्पष्ट दिसते. कूतच्या वेढ्यात अडकलेल्या एखाद्या शिपायाच्या बायकोला ही सोय असती तर आज आपल्या हाती काय असतं, याचा अंदाज त्या तीन पत्रांवरून येतो.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या अबोल होत्या असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखांहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाई स्वतःच्या आवाजात बोलते: भावाशी, आईशी, नवऱ्याबद्दल, देवाशी. नवऱ्याचं पत्र दिवसा ओसरीवर दहा जणांसमोर वाचलं जायचं, तिचं बोलणं पहाटे अंधारात जात्याशी व्हायचं. त्यावर कुठलाच शिक्का नव्हता आणि ते कुणाच्या पत्त्यावर जाणारही नव्हतं.

मनिऑर्डरचं कूपन

दुसऱ्या महायुद्धात आकडे मोठे झाले. हिंदी सैन्य २५ लाखांपर्यंत गेलं. मराठा पलटणी १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला लढल्या. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा दुसरी बटालियन कैद झाली. पुढे इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. घाडगे १० जुलै १९४४ ला लढताना पडले. त्यांचं पदक वीरपत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आलं.

या युद्धातही सेन्सॉर होता, आणि आता त्याचं लक्ष घरून जाणाऱ्या पत्रांकडे जास्त होतं. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ होता, मुंबईत रेशनिंग सुरू झालं होतं, कापड-धान्य महाग झालं होतं. घरच्या टंचाईच्या बातम्या आफ्रिकेत आणि इटलीत पोचत आणि सैनिक अस्वस्थ होत, याची लष्करानं दखल घेतली. पहिल्या युद्धात पुरुषाच्या पत्राची भीती होती, दुसऱ्यात घरच्या पत्राची. पण त्यातही टिकले ते अहवाल. घरून गेलेली पत्रं शिपायाच्या खिशात, खंदकात, दवाखान्यात संपली.

साक्षरताही वाढली होती, पण किती? १९४१ मध्ये स्त्रियांची साक्षरता सुमारे सात टक्के. बहुतेक घरांत नवऱ्याची खबर देणारा खरा कागद अजूनही मनिऑर्डरचाच होता. पोस्टानं ही सेवा १८८० मध्ये सुरू केली. पहिल्या युद्धातल्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये, आणि त्यातूनच घरी पैसे यायचे. फॉर्मच्या कूपनवर चार ओळींची जागा असायची. टपालवाला पैसे मोजतो, ती अंगठा उठवते. पत्र वाचायला दुसरा लागतो, मनिऑर्डरला लागत नाही: पैसे आले म्हणजे माणूस आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर तो 'अजून चालू आहे' एवढंच कळवणारा सिग्नल. आणि तार आली की, मजकूर वाचण्याआधीच, घरात रडणं सुरू व्हायचं.

काय ठेवायचं

आज सियाचीनच्या पायथ्याशी असलेला जवान बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. मधे मास्तर नाही, सासरा नाही. संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद. अशी कुलपं बनवणाऱ्या धंद्यातच मी काम करतो आणि ती असायलाच हवीत असं माझं मत आहे. नवराबायकोला दोघांतच बोलता यावं, हे फार उशिरा मिळालेलं सुख आहे. पण त्याची किंमतही दिसते. जुनी पत्रं दहा हातांतून गेली म्हणून त्यांचा काही अंश कुठेतरी उरला. आताचं बोलणं दोघांतच राहतं आणि फोन बदलला की जातं.

त्यामुळे जे कागद अजून आहेत त्यांचं मोल वाढतं. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींमध्ये सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगडहून आलेली घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येक घरांत कुणीतरी पलटणीत होतं. गावचं घर पाडताना किंवा इथला फ्लॅट बदलताना लोखंडी ट्रंक आधी रद्दीत जाते. तिच्यात पत्र असेल तर ते फेकू नका, एवढं सांगून भागत नाही. कारण घरचे लोक मजकूर वाचतात, त्यात 'सर्व क्षेम' याशिवाय काही दिसत नाही, आणि कागद जातो.

म्हणून लिफाफाही बघा. हिंदी फौजेबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस पाठवण्याची पद्धत १८५६ च्या इराण मोहिमेपासूनची. त्या पोस्टाच्या शिक्क्यावर गावाचं नाव सहसा नसतं, नंबर असतो, आणि त्या नंबरावरून पलटण त्या दिवशी कुठे होती हे अभ्यासकांना काढता येतं. १९१४ पासून परदेशी गेलेल्या फौजेसाठी तिकिटांवर आय. ई. एफ. ही अक्षरं छापलेली असत. सेन्सॉरचा शिक्का, मनिऑर्डरच्या पावतीवरची तारीख, अंगठ्याचा ठसा, मागच्या बाजूला पोरानं गिरवलेली बाराखडी, सगळं ठेवा. पुढची-मागची बाजू धरून उजेडात फोटो काढा. पत्र कुणाच्या नावानं आलं, कुणी वाचून दाखवलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच दिवशी लिहून काढा.

आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: तेव्हा घरात आजीचं, पणजीचं नाव काय होतं? पत्रात ते बहुधा सापडणार नाही. तिथे फक्त मंडळी असतील. नाव सांगणारं माणूस घरात आहे तोवर ते त्या लिफाफ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवता येईल.